झाडांच्या वाटणीचं पाणी

या, पुढे सरका. तो मागे भिंतीला टेकून बसलाय, त्यालाही ओढून आणा. आजची गोष्ट हसत हसत सुरू होते, पण मध्येच तुमच्या मुठी वळतील, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वळल्या तर वळू द्या! देवानं माणसाला राग उगाच दिलेला नाही. तो कुणासाठी खर्च करायचा, एवढंच काय ते शिकायचं असतं.

हां, तर ऐका!

"ताई! ए ताई! बकरी माती खातेय!"

शेपूट धापा टाकत घरात शिरला. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण तो बहिणीच्या मागेमागे असा फिरायचा की सगळे त्याला शेपूटच म्हणत. आणि बहीण? तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग सदैव पेटलेला, म्हणून ती ठिणगी! दोघं सुट्टीसाठी बेटावर मावशीकडे आली होती.

"बकऱ्या काहीही खातात. माझी चप्पल खाल्ली तेव्हा नाही ओरडलास ते!" ठिणगी म्हणाली.

"खात नाहीये गं, चाटतेय! आइसक्रीम चाटावं तशी!"

आता मात्र ठिणगी उठली. अंगणात शेजारचा मुलगा, ज्याला सगळे चौकशी म्हणत, आधीच गुडघ्यांवर बसून बघत होता. या मुलाला इतके प्रश्न पडायचे, की शाळेत गुरुजी त्याला पाहिलं की घड्याळ बघायला लागत.

"बघ ना," तो म्हणाला, "बाजूला हिरवं गवत आहे. ते सोडून ही झाडाच्या बुडाशी जीभ का घासतेय?"

या बेटावरची घरं कशी होती, ते आधी नीट डोळ्यांसमोर आणा. बुटकी, अंग चोरून बसलेली. प्रत्येक घराभोवती दगडावर दगड रचलेली भिंत. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. दगडांच्या फटींतून वारा गाळला जाऊन आत यायचा. येताना दांडगा आणि आत पोचेपर्यंत शहाणा झालेला. आणि भिंतीच्या आत जाड, चिवट पानांच्या झाडांची दाट ओळ. समुद्रावरचं वादळ आधी भिंतीला धडकायचं, मग त्या झाडांना, आणि घराच्या छपरापर्यंत पोचायचं तोवर त्याचा दम निघून गेलेला असायचा.

मावशीचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं, समुद्राच्या समोर. ती होड्यांची शिडं आणि ताडपत्र्या शिवायची. एकटीच राहायची. तिच्या घरापुढची झाडं म्हणजे गावाची पहिली ढाल. आणि तीच झाडं वाळत चालली होती!

मावशी बादली घेऊन आली. कोपऱ्यावरच्या निळ्या पिंपातलं पाणी तिनं झाडांच्या बुडाशी हळूच, सांडू न देता ओतलं.

"प्या रे बाबांनो," ती झाडांना म्हणाली. "काय झालंय तुम्हाला? माझं काही चुकलं का?"

उन्हाळ्यात बेटावरच्या विहिरी तळाला जायच्या. म्हणून झाडांसाठी मुख्य किनाऱ्यावरून गोडं पाणी होडीतून पिंपांत भरून यायचं. गावाचे दोन नियम होते. ज्याच्या छपराला ज्या झाडांचा आडोसा, त्यानं त्या झाडांना पाणी घालायचं. आणि दुसरा, त्याहून पवित्र: झाडांच्या वाटणीच्या पाण्याला माणसानं तोंड लावायचं नाही. घशाला कोरड पडली तरी नाही! गावातली म्हातारी माणसं तर ते पाणी हातावर उडालं तर हातही झाडाच्या बुडाशीच झटकायची.

तेवढ्यात फाटकातून दोन माणसं आत आली. पुढे गावचे मुखिया, मागे पाण्याचा कंत्राटदार. कंत्राटदाराच्या बुटांना इतकी चकाकी होती, की त्यांत आभाळ दिसत होतं.

"रोग आहे हा, रोग!" एक पान चुरगाळत कंत्राटदार म्हणाला. "पसरण्याआधी पुरी ओळ कापायला हवी. घाबरू नका, मी इथे झकास काँक्रीटची भिंत बांधून देतो. एक फट नाही! मुंगीसुद्धा शिरणार नाही."

"अहो, पण फटी नसल्या तर वारा भिंतीवरून उडी मारून थेट छपरावर येईल," मावशी म्हणाली. "आणि वादळांचे दिवस तोंडावर आलेत. झाडंही नाहीत, भिंतही अशी, मग माझं घर—"

"घराचा विचार आधी करायचा होतास," मुखिया तोडत म्हणाले. "आमची झाडं बघ, कशी तरारलीत! तुझीच का वाळली? पाणी घालायचा कंटाळा केलास, झाडं अशक्त झाली, रोग पडला. आणि आता त्याचा त्रास सगळ्या गावाला! परवा सकाळी करवतवाले येतील."

  रिकामी बादली मावशीनं पोटाशी धरली, जणू तीच आता तिचा आडोसा होती.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं आहे हे! मावशी रोज पाणी घालते! सकाळी आधी झाडांना, मग स्वतःला चहा!"

"मोठ्यांमध्ये बोलू नये," मुखिया म्हणाले.

"मग मोठ्यांनी खरं बोलावं!"

"ठिणगे!" मावशीनं दटावलं. दोघे निघून गेले. जाताना कंत्राटदारानं बुटांवरची धूळ मावशीच्याच पायरीवर आपटून झटकली.

मावशी शिवायला बसली, पण सुई ताडपत्रीत घातली तिथेच राहिली. "असेल गं, माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली. हे ऐकून ठिणगीला रडू आलं असतं; पण ती रागावलेली असली की तिला रडता यायचं नाही. तिनं बाहेर येऊन एका दगडाला लाथ मारली. लागलं तिलाच.

"झालं?" चौकशी म्हणाला. "दगड सुधारला? आता जरा डोकं चालवू या का?"

"तू गप रे!"

"गप बसतो. पण एक सांग, मुखियांची झाडं हिरवीगार आहेत. त्यांना पाणी कोण घालतं?"

ठिणगी थांबली. "कोण घालतं?"

"कुणीच नाही! त्यांच्या कोपऱ्यावरचं पिंप मी सुट्टी लागल्यापासून बघतोय. त्याच्या झाकणाची तारसुद्धा सुटलेली नाही. त्यावर कोळ्यानं जाळं विणलंय!"

"अरे, मग त्यांचीच झाडं आधी वाळायला हवीत की!"

"तेच तर!" चौकशीचे डोळे चमकले.

तिघं गावभर हिंडली. शेपूट भिंतींवर चढून आत डोकावायचा आणि वरून ओरडायचा, "हिरवी!" नाहीतर "वाळकी!" चौकशी घरातल्या मुलांना हळूच विचारायचा, "तुमच्याकडे झाडांना पाणी कोण घालतं रे?" आणि काय गंमत! गंमत कसली, अंगावर काटाच आला! ज्या घरातली माणसं नियमानं पाणी घालत, त्यांच्या झाडांची पानं कडेनं करपलेली. ज्या घरातली माणसं आळशी, त्यांची झाडं टवटवीत!

"म्हणजे पाणी घातलं की झाड मरतंय," ठिणगी सावकाश म्हणाली. "आणि मावशी सगळ्यांत जास्त घालते."

शेपटानं विचारलं, "पाणी विषारी आहे का?"

"विषारी असतं तर बकरीनं ती माती चाटली नसती," चौकशी म्हणाला. "बकरीला आवडेल असं त्यात काहीतरी आहे. बकऱ्या काय चाटतात? घामेजलेला हात चाटतात. होडीची वल्ही चाटतात..."

दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. "मीठ!"

आता प्रश्न होता खात्री करण्याचा. तिघं पिंपाजवळ येऊन उभी राहिली. झाकण उघडं होतं. पाणी स्वच्छ दिसत होतं.

"तोंड नाही लावायचं," शेपूट घाबरून म्हणाला. "मावशीनं सांगितलंय. ते झाडांच्या वाटणीचं."

ठिणगीनं हात जोडले, डोळे मिटले. "देवा, मला तहान लागलेली नाही. झाडांसाठीच बघतेय. रागावलास तर माझ्यावर रागव." आणि तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

थू! थू! थू!

"समुद्र!" ती ओरडली. "नुसता समुद्र आहे हा!"

मग कळलं ना बाळांनो? या गावात कुणीही ते पाणी कधी चाखलं नव्हतं, कारण गाव प्रामाणिक होतं! त्या प्रामाणिकपणाच्याच आड लपून कुणीतरी चोरी केली होती. मावशी ज्या प्रेमानं बादल्या ओतत होती, त्याच प्रेमानं ती आपली झाडं मारत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. सांगा, मुठी वळल्या की नाही?

तिघं धावत मुखियांकडे गेली. ते झोपाळ्यावर पडले होते.

"खारं?" ते जांभई देत म्हणाले. "समुद्राकाठी सगळंच खारं असतं. वाऱ्याबरोबर तुषार उडतात, पडले असतील पिंपात. झाडांवरही तेच पडतात."

"मग आतल्या बाजूची, घराकडची पानं का करपली?" चौकशीनं विचारलं. "तिथे तर तुषार पोचतच नाहीत. म्हणजे खार वरून नाही, मुळांतून गेलाय!"

"आणि तुम्हाला चव कशी कळली?" मुखिया उठून बसले. "झाडांचं पाणी प्यायलात? लाज नाही वाटली? चला, पळा इथून! पुन्हा अशी तक्रार आणलीत तर होडीत घालून घरी धाडीन!"

बाहेर आल्यावर ठिणगी इतकी रागावली होती, की तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

"बोल काहीतरी," चौकशी म्हणाला. "तू गप्प असलीस की जास्त भीती वाटते."

"त्यांना आपल्या तोंडून ऐकायचं नाही ना?" ती शेवटी म्हणाली. "मग त्या बूटवाल्याच्याच तोंडून ऐकवू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टेकडीवर चढली आणि झुडपांत पालथी पडून राहिली. खाली धक्क्यावरून कंत्राटदाराची होडी रिकामी पिंपं घेऊन सुटली. मुख्य किनारा समोर होता. होडी मात्र वळली ती भलतीकडेच! टेकडीला वळसा घालून ती मागच्या खाडीत शिरली, जिथे गावातलं कुणी फिरकत नसे. दोन माणसांनी पंप सुरू केला. जाड नळीचं एक टोक समुद्रात, दुसरं टोक पिंपात!

"अरे, निदान लपून तरी करायचं!" चौकशी पुटपुटला. "कंत्राटदार मस्त टोपी तोंडावर घेऊन झोपलाय!"

"ताई, मी दगड मारू?" शेपटानं विचारलं.

"नाही. उद्या. दगडापेक्षा चांगली वस्तू मारू." ठिणगी म्हणाली.

"कोणती?"

"चहा!"

तिसरी सकाळ उजाडली. मावशीच्या अंगणात गाव जमलं. करवतवाले दोर घेऊन आले. मावशी एकेका झाडाच्या खोडावर हात ठेवत फिरत होती, गाडीत बसलेल्या लेकरांना निरोप द्यावा तशी. बायका आपसांत कुजबुजत होत्या, "पाणी घातलं असतं तर अशी वेळ आली असती का?" ते ऐकून ती आणखीच वाकली.

कंत्राटदारानं भिंतीच्या मोठेपणावर लांबलचक भाषण ठोकलं. बोलून बोलून घसा सुकला.

"साहेब, चहा घ्या ना!" ठिणगी ट्रे घेऊन पुढे आली. आवाज असा गोड, की शेपटानं दचकून तिच्याकडे पाहिलं. "हा तुमचा कप. आणि हा मुखियाकाकांचा."

"वा! संस्कारी मुलगी!" कंत्राटदारानं मोठा घोट घेतला, आणि तोच घोट चकाकत्या बुटांवर फवारला! "शी! हा काय चहा आहे? खारट! जहर!"

"माझा तर गोड आहे," मुखिया आश्चर्यानं म्हणाले आणि त्यांनी आणखी एक घोट घेऊन खात्री केली.

"असणारच," ठिणगी म्हणाली. आता आवाजात साखर उरली नव्हती. "तुमच्या चहात आमच्या घरच्या माठातलं पाणी आहे. साहेबांच्या चहात साहेबांचं स्वतःचं पाणी, त्या निळ्या पिंपातलं!"

अंगणात एकच गलका झाला. "झाडांचं पाणी चहात? शिव शिव!"

"झाडांच्या वाटणीचं म्हणून आलेलं पाणी! रोज हेच पाजलंय झाडांना! माणसाला एक घोट गिळवत नाही, आणि झाडांनी सारा उन्हाळा गिळलं!"

"मीठ टाकलंय या कार्टीनं!" कंत्राटदार गरजला. "मला बदनाम करायला!"

"ठीक आहे," चौकशी पुढे झाला. "तुमची होडी आत्ताच धक्क्याला लागलीय. पिंपांना तुमच्याच हातची तार आहे. आम्ही शिवलोसुद्धा नाही. उघडा एक!"

"काही गरज नाही!"

"उघडा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग सगळेच. करवतवाल्यांनी स्वतः जाऊन एक पिंप उचलून आणलं, अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि तार तोडली.

शेपूट सगळ्यांच्या पायांमधून घुसून पिंपाच्या काठाला लोंबकळला. "ताई! आत मासा आहे! पट्ट्यापट्ट्यांचा! समुद्रातला!"

खरंच, करंगळीएवढा मासा गोंधळून गोल गोल फिरत होता. शेजारी शेवाळाचा एक झुबका तरंगत होता.

कुणी हसलं नाही. सगळे मुखियांकडे बघत होते. त्यांनी पिंपाजवळ येऊन टोपी काढली. गावासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी झाडांच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"हे तू आम्हाला दिलंस?" ते कंत्राटदाराला म्हणाले.

"अहो, लांब पडतं हो तिकडून आणायला," कंत्राटदार कुरकुरला. "पाणी ते पाणी. पिणार कोण होतं? झाडंच तर आहेत! झाडांना काय चव कळते?"

बस्स! त्या एका वाक्यानं अंगण पेटलं. शिव्यांचा पाऊस पडला, तो इथे सांगण्यासारखा नाही. करवतवाल्यांनी करवती खाली टाकल्या. कंत्राटदार फाटकाकडे सरकला, तर तिथे बायका उभ्या होत्या. मुखियांनी दोन दांडगे होडीवाले त्याच्या दोन्ही बाजूंना दिले. "याला आणि याच्या पिंपाला किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यात पोचवा. पुरावा मेला नाही पाहिजे, माशाला जपून न्या. साक्ष झाली की समुद्रात सोडा."

मग ते मुलांकडे वळले आणि घसा खाकरला. "शाबास! काय पोरं आहेत! गावाची शान! मी तर म्हणतो, यांचा सत्कार—"

"नको!" ठिणगी म्हणाली. सगळे चपापले.  "तुमची झाडं हिरवी का आहेत, ठाऊक आहे मुखियाकाका? तुम्ही पाणी घालतच नाही म्हणून! तुमच्या पिंपावर कोळ्याचं जाळं आहे! जिनं रोज नेमानं घातलं तिला तुम्ही आळशी म्हणालात. गावभर तेच सांगितलंत! आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत! आम्हाला शाबासकी नको. आधी मावशीची माफी मागा!"

पिंपातल्या माशानं शेपटी पाण्यावर आपटली.

मुखियांचे कान लाल झाले. पण देवानं त्यांना तेवढी बुद्धी दिली. ते मावशीसमोर गेले आणि वाकले. "ताई, चुकलं माझं. कंटाळा मी केला आणि बोट तुझ्याकडे दाखवलं."

"माझं सोडा," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण पाठ आता ताठ झाली होती. "मुळांशी खार बसलाय. गोडं पाणी भरपूर ओतलं तर तो खाली धुऊन जाईल. उशीर केला तर एकही वाचणार नाही. मिळेल का पाणी?"

मुखिया तडक घरी गेले. परत आले ते डोक्यावर स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन. मग काय! मघाशी कुजबुजणाऱ्या बायका आपापले हंडे घेऊन आल्या. होडीवाले किनाऱ्यावरून खरोखरचं गोडं पाणी आणायला धावले. त्या दिवशी गावातल्या कुणी अंघोळ केली नाही. शेपटाला हा भाग फार आवडला. झाडांच्या बुडाशी पाणी मुरत राहिलं, आणि मावशी प्रत्येक हंडा ओतण्याआधी एक थेंब जिभेवर घेत होती.

"मावशी, नियम!" शेपूट ओरडला.

"नियम बदलला," ती म्हणाली. "आता आधी आपण चाखायचं, मग लेकरांना पाजायचं."

कोपऱ्यावरची दोन झाडं मात्र गेली. त्यांना वेळच मिळाला नाही. बाकीच्यांनी सुट्टी संपता संपता बारीक, तांबूस कोंब धरले. वादळ आलं तेव्हा त्या दोन झाडांच्या मोकळ्या जागेतून ते आत घुसलं आणि मावशीच्या छपराचा एक कोपरा उचकटून गेलं. बाकी घर उभं राहिलं, आणि त्याच्या मागे गाव.

आता उठायच्या आधी एक मागणं. ठिणगीला विसरलात तरी चालेल. तिच्यासारख्या तुम्ही बऱ्याच जणी इथे बसला आहात. पण आज रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मावशीची आठवण काढा, जी भरल्या बादल्या मायेनं ओतत राहिली आणि गावाचे बोल ऐकत राहिली. आणि तिच्या शेजारी, त्या दोन झाडांनाही एवढीशी जागा द्या.